रिकामी आकृती

उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांची तहान टँकरवर अवलंबून असते. सुज्ञ वाचकहो, मालट्रकवर टाकी बसविताना प्रथम भाराचा हिशेब मांडावा : हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी घाटात ब्रेक दाबताच पुढे उसळते व वाहनाला उताराकडे रेटते. म्हणून आत छिद्रे असलेले आडवे पडदे जोडावेत. अशा फेरबदलास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगी घ्यावी.

काम घरच्या शेडमध्ये होत असेल, तर भिंतीवरील फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रेखावी. सायंकाळी एखादी आकृती रिकामी दिसली, तर पाना गाडीतच राहिला असे समजावे; कदाचित न आवळलेल्या नटापाशी. घाट उतरण्यापूर्वी ते कळलेले बरे.