अनुकथेची स्वतःची भिंत

मराठी समीक्षाव्यवहारात एक दुटप्पीपणा आता रूढ झाला आहे. रोलां बार्थने १९६७ साली जाहीर केलेला लेखकाचा मृत्यू आणि ज्युलिया क्रिस्तेव्हाची आंतरसंहितात्मकता पदव्युत्तर वर्गांत निष्ठेने शिकवली जाते. प्रत्येक संहिता पूर्वसंहितांतून घडते, असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला गुण मिळतात. तोच विद्यार्थी आवडत्या कादंबरीतील गौण पात्र उचलून त्याची पुढील कथा लिहू लागला, म्हणजेच फॅन फिक्शनकडे वळला, की हीच समीक्षा त्याला 'स्वतःचे काही लिही' असा उपदेश करते. मोरोपंतांच्या नावावरील १०८ रामायणे ही प्रतिभा आणि विद्यार्थ्याची अनुकथा ही उसनवारी ठरते. हा भेद संहितेतला नसून प्रतिष्ठेतला आहे.

डहाणू-तलासरीच्या परिसरात हा भेद टिकत नाही. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, धवलेरी गाणी म्हणत विधी चालवते आणि चौकात पालघट देवी अवतरते. तिथे 'मूळ लेखक कोण?' हा प्रश्न निरर्थक असतो. विधीमागे समूहाचे बंधन असते आणि अनुकथेमागे एका वाचकाची इच्छा, हा फरक मान्यच करावा लागेल. परंतु पूर्वकथेवर उभे राहिलेले ते दुय्यम, हे गृहीतक त्या फरकाने वाचत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात हीच परंपरागत चित्रभाषा विधीबाहेर कागदावर नेली. त्यांच्या चित्रांना कुणी उसनी म्हटले नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. तलासरी तालुक्यातील झरी येथे १९४५ साली वारल्यांचा ऐतिहासिक मेळावा झाला. त्या लढ्याची मराठीतील सर्वपरिचित संहिता म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). तिचे मोठेपण वादातीत आहे. पण त्यातील वारल्यांकडे पाहणारी नजर लेखिकेची आहे. उद्या तलासरीतील एखाद्या तरुणीने त्या मेळाव्याला आलेल्या अनाम स्त्रीची कथा वारली बोलीत रचली, तर ते अनुकरण म्हणायचे की उत्तर?

इथे कायद्याचा बागुलबुवा उभा केला जातो. लेखिकेचे निधन १९९६ साली झाल्याने पुस्तकावरील स्वामित्वहक्क २०५६ अखेरपर्यंत राहील. तथापि तो शब्दरचनेवर आणि तिच्या रूपांतरावर आहे. ऐतिहासिक घटना, विषय आणि कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. कल्पित पात्र जसेच्या तसे उचलणाऱ्याने सावध राहावे. इतिहासाला उत्तर देणाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

मग ही कथा ठेवायची कुठे? नियतकालिकाचा संपादक बोलीला प्रमाण लेखनाचा साचा लावतो. कंपन्यांनी दिलेली फुकटची जागा कंपनीच्या मर्जीवर टिकते. याहूने २०९ नव्हे, २००९ साली जिओसिटीज बंद केले तेव्हा असंख्य हौशी लेखकांची पाने एकाच निर्णयाने गेली. म्हणून स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ हवे. साधी पाने, युनिकोड देवनागरी, वर्षाकाठी भरायचे मोजके शुल्क आणि घरी जपलेली प्रत एवढ्यावर ते उभे राहते. शुल्क चुकले तर तेही पुसले जाईल. पण त्या वेळी प्रत लेखकाच्याच हाती असेल.

असे लेखन बहुतांशी सुमार असेल, हा शेवटचा आक्षेप. असेलही. छापील कवितासंग्रहांचीही तीच अवस्था आहे, म्हणून कुणी काव्यसमीक्षा थांबवलेली नाही. सुमार आणि सकस यांची निवड वाचूनच करता येते. संपादकाची मोहोर नसलेली संहिता प्रबंधाला विषय म्हणून चालत नाही, हा विद्यापीठीय संकेत जोवर मोडत नाही, तोवर आंतरसंहितात्मकता हा मराठी विभागांतला केवळ परीक्षेचा प्रश्न राहील.