मजुराला अटी, भांडवलाला पायघड्या

पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाकडे समाज संशयाने पाहतो आणि नफ्यासाठी देश सोडणाऱ्या पैशाकडे आदराने पाहतो. ही विषमता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही तिची दखल क्वचितच घेतली जाते. तेथे ‘श्रमिकांचे स्थलांतर’ हे एक प्रकरण असते आणि ‘परकीय भांडवल’ हे दुसरे. दोन्ही प्रकरणे एकाच ग्रंथात नांदतात, पण त्यांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून पाहावयाची तर स्वीडनसारख्या दूरच्या देशाचे आणि लाकडासारख्या साध्या वस्तूचे उदाहरण उपयोगी पडते. त्या उदाहरणाचा एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथपर्यंत येऊन पोचलेला आहे.

आज कल्याणकारी राज्याचा आदर्श म्हणून ज्या स्वीडनचे नाव घेतले जाते, तो देश एकोणिसाव्या शतकात दरिद्री होता. १८६७ ते १८६९ या वर्षांत तेथे दुष्काळाने कहर केला. १८५० नंतरच्या सुमारे ८० वर्षांत १२ लाखांहून अधिक स्वीडिश माणसे देश सोडून गेली, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला. शेतीला जमीन मिळेल या आशेने ती गेली. पण मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि पुढे वॉशिंग्टन राज्याच्या अरण्यांत त्यांतील अनेकांच्या हाती नांगराऐवजी कुऱ्हाड आणि करवत आली. झाडे तोडावयाची, ओंडके नदीत सोडावयाचे, करवतकारखान्यात ते चिरावयाचे, हे काम त्यांच्या परिचयाचे होते; कारण मायदेशीही जंगल हाच मोठा धंदा होता.

त्या धंद्यातील मालक-मजुरांचे संबंध कसे होते, हे १८७९ च्या सुंड्सवाल येथील संपाने जगाला दाखविले. मंदीचे दिवस होते. करवतकारखान्यांच्या मालकांना सरकारी मदत मिळाली होती, तरीही त्यांनी मजुरी कापली. हजारो कामगार शांतपणे काम थांबवून एकत्र जमले. उत्तरादाखल सरकारने सैन्य आणि युद्धनौका पाठविल्या. मालकांच्या चाळींतून हुसकून लावण्याच्या धमक्या देऊन संप मोडण्यात आला. मदत मालकाला, बंदूक मजुराला, अशी ही वाटणी होती. अशा वाटणीनंतर माणसे समुद्रापलीकडे गेली, तर त्यात नवल ते काय?

त्याच १८७९ साली सुंड्सवालच्याच किनाऱ्यावर, दक्षिणेकडील एका बंदरात जोएल हेगलुंड जन्मला. त्या गावाच्या नावाचा स्वीडिश उच्चार ‘येव्ले’ असा होतो आणि आमच्या येवल्याच्या कानाला तो मुळीच परका वाटत नाही. रेल्वेत काम करणारे वडील लवकर वारले, मुलांना कोवळ्या वयात कामाला जुंपावे लागले आणि १९०२ मध्ये आईच्या निधनानंतर जोएल भावासह अमेरिकेला निघून गेला. तेथे मिळेल ते काम करीत तो गावोगाव हिंडला आणि १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या ‘जगातील औद्योगिक कामगार’ या संघटनेत सामील झाला. वर्ण, भाषा, कौशल्य यांचा भेद न करता सर्व मजुरांना एका झेंड्याखाली आणू पाहणारी ही संघटना होती. जोएलचा आता जो हिल झाला. चर्चमधील प्रार्थनागीतांच्या ओळखीच्या चालींवर त्याने कामगारांची गाणी बांधली. लावणी-पोवाड्याची रूढ चाल घेऊन अण्णा भाऊ साठ्यांनी गिरणगावाचे दुःख मांडले, त्याच जातीचे हे काम. लाकूडतोड्यांच्या तळांवर ती गाणी पोचली.

१९१४ मध्ये युटा राज्यात एका दुकानदाराच्या व त्याच्या मुलाच्या खुनाचा आरोप जो हिलवर ठेवण्यात आला. पुरावा परिस्थितिजन्य होता. स्वीडनच्या राजदूताने आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी रदबदली करूनही १९ नोव्हेंबर १९१५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. दोनच वर्षांनी वायव्य अमेरिकेतील जंगलकामगारांनी मोठा संप केला. आठ तासांचा दिवस हवा, ही त्यांची मुख्य मागणी. आणि अंथरूण मालकाने द्यावे, ही दुसरी. एका तळावरून दुसऱ्या तळावर जाताना आपली वळकटी आपणच पाठीवर वाहण्याचा तेथे रिवाज होता. १९१८ मध्ये आठ तासांचा दिवस मान्य झाला.

आता दुसऱ्या स्वीडिश देशांतरिताकडे वळू. इव्हार क्रूगर जो हिलपेक्षा अवघ्या काही महिन्यांनी धाकटा, जन्म १८८०. कुटुंबाचे काल्मार येथे आगपेट्यांचे कारखाने होते. अभियंता होऊन तोही अमेरिकेला गेला, बांधकामाचे तंत्र शिकला आणि परत येऊन १९०८ मध्ये भागीदारीत कंपनी काढली. १९१७ मध्ये स्वीडनमधील आगपेटीचे कारखाने त्याने एका कंपनीत गोवले. पुढे त्याने साधी आणि भेदक युक्ती योजिली: कर्जाची निकड असलेल्या सरकारला कर्ज द्यावयाचे आणि मोबदल्यात त्या देशातील आगपेट्यांची मक्तेदारी घ्यावयाची. पोलंडमध्ये हे १९२५ मध्ये घडले. १९२९ मध्ये जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर देऊन घडले. ज्या काडीने गरिबाची चूल पेटते, तिच्यावर बसविलेला हा खाजगी कर होता.

भारतात क्रूगरला कर्ज देण्याचीही गरज पडली नाही. १९२२ मध्ये सरकारने आगपेट्यांवरील आयातशुल्क वाढवून दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केले. हेतू तिजोरी भरण्याचा होता. परिणाम मात्र संरक्षणाचा झाला. परदेशी पेटी महाग झाली आणि देशात कारखाने निघू लागले. हे ओळखून स्वीडिश कंपनी भिंतीबाहेर रडत बसली नाही. ती भिंतीच्या आत येऊन राहिली. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली ‘विम्को’, स्थापन झाली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. कल्याणजवळचा लोहमार्ग आणि मुंबई बंदर हाताशी होते. बंदरातून परदेशी मऊ लाकडाचे ओंडके आणता येत होते. पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास अशा ठिकाणीही कंपनीचे जाळे पसरले. आजही अंबरनाथमध्ये ‘विम्को नाका’ हे नाव लोकांच्या तोंडी आहे.

१९२८ मध्ये कायदा करून हे आयातशुल्क संरक्षक शुल्क म्हणून कायम करण्यात आले. स्वदेशी उद्योगाला संरक्षण मिळावे, हे तत्त्व निर्विवाद. परंतु ‘स्वदेशी’ म्हणजे काय? देशाच्या हद्दीत उभा असलेला कारखाना, की देशातील लोकांच्या मालकीचा? कामगाराला वेतन किती, किंमत कोण ठरविणार, हिशेब कोणाला दाखविणार, यांतील एकाही प्रश्नाला त्या कायद्याने हात घातला नाही. सरकारने भिंत बांधली, खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल केला आणि आत कोणी राहावयाचे हे बाजारावर सोडून दिले. बाजाराने अर्थातच सर्वांत बलाढ्य भाडेकरू निवडला.

हिशेब पाहण्याचा आग्रह का धरावा, याचे उत्तर क्रूगरने स्वतःच दिले. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये तो गोळी लागून मृतावस्थेत आढळला. ती आत्महत्या मानली गेली. त्यानंतर तपासनिसांना त्याच्या दप्तरात बनावट इटालियन रोखे सापडले आणि हजारो गुंतवणूकदार धुळीला मिळाले. दोन्ही स्वीडिश माणसांचा शेवट गोळीनेच झाला. पण जिवंत असताना जो हिलला तुरुंग पाहावा लागला आणि क्रूगरला पंतप्रधान भेटीसाठी वेळ देत.

येथे एक सावधानता बाळगली पाहिजे. परकीय मक्तेदारीला विरोध केला म्हणजे देशी मालक आपोआप न्यायी ठरत नाही. १९२० च्या दशकातच तामिळनाडूतील शिवकाशीला हातकामाचा आगपेटी उद्योग रुजला. स्वातंत्र्यानंतर उत्पादनशुल्काच्या श्रेणीबद्ध दरांमुळे तो विम्कोसमोर टिकला आणि वाढलाही. अर्थनीतीचा हा विजय खरा. पण त्याची किंमत लहान मुलांच्या बोटांनी मोजली. शिवकाशीच्या बालमजुरीवर सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये निर्णय द्यावा लागला. तेव्हा प्रश्न भांडवलाच्या पारपत्राचा नाही. ते कोणत्या अटींवर काम करते याचा आहे.

अटी घालता येतात, हेही या देशाने अनुभवले आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास भाग पाडले. जनता राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी तो कायदा नेटाने राबविला, तेव्हा कोकाकोला देश सोडून गेली आणि देश बुडाला नाही. १९९१ नंतर वारे फिरले. २००५ मध्ये स्वीडिश कंपनी विम्कोतून बाहेर पडली आणि कंपनी आयटीसी या बड्या समूहाच्या ताब्यात गेली. आली तेव्हा तिला कोणी अट घातली नव्हती. जाताना कामगारांना कोणी विचारले नाही.

याच्याशेजारी येवल्याचे उदाहरण ठेवून पाहावे. येथील रेशीम विणणारे हातही मूळचे येथले नव्हेत. गुजरातेतून विणकर कुटुंबे येऊन वसली. ती आली ती कसब घेऊन, आणि ते येथेच रुजवून येवलेकर झाली. पैठणीच्या पैशाची वाटणी न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही, मागावर बसणारा आणि दुकानात बसणारा यांतील अंतर सर्वांना ठाऊक आहे. परंतु कसब गावातून उठून गेलेले नाही. श्रम स्थलांतर करतात तेव्हा ते मुळे धरतात. भांडवल तळ ठोकते, आणि तळ हलविता येतो.

आज या जुन्या कथेची आठवण का द्यावी? २०२० पासून केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना आणली. १४ क्षेत्रांसाठी सुमारे १ लाख ९७ हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. हे अनुदान मुख्यत्वे गुंतवणूक आणि वाढीव विक्री यांवर मोजले जाते. कायम नोकऱ्या किती दिल्या, वेतन किती वाढले, कंत्राटी मजूर किती, यांना त्या मोजपट्टीत दुय्यम स्थान आहे किंवा स्थानच नाही. सुंड्सवालच्या मालकांनाही सरकारी मदत मिळाली होती आणि अंबरनाथच्या मालकालाही शुल्काची भिंत मिळाली होती. सार्वजनिक पैसा आणि खाजगी मर्जी यांचे हे लग्न जुनेच आहे.

दुसरीकडे, मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे जोडपे पाहा. दोघे मिळून ‘एक कोयता’ धरले जातात. मुकादमाची उचल घेतल्याखेरीज त्यांना गाव सोडता येत नाही आणि ती फिटल्याखेरीज फड सोडता येत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, पण राज्याच्या हद्दीतच हिंडणाऱ्या या मजुरांना त्याचा उपयोग झाला नाही. अमेरिकेच्या जंगलात पाठीवर वळकटी वाहणारा मजूर आणि बैलगाडीवर संसार बांधणारा आपला तोडणी मजूर यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. स्थितीत मात्र फारसे नाही.

म्हणून समाजवाद्यांची मागणी सरळ असली पाहिजे. शुल्काचे संरक्षण, स्वस्त जमीन, करसवलत किंवा रोख प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाशी, तो देशी असो वा परदेशी, लेखी करार व्हावा. त्यात कायम रोजगाराचे प्रमाण, किमान वेतनाहून अधिक वेतनाची हमी आणि कामगार प्रतिनिधींना हिशेब तपासण्याचा हक्क असावा. आणि कारखाना बंद वा विक्रीस काढल्यास घेतलेली सवलत परत करण्याचे बंधन असावे. स्थलांतरित मजुराची नोंद तो जेथे काम करतो तेथे व्हावी आणि शिधा, शाळा, दवाखाना यांचा त्याचा हक्क त्याच्याबरोबर चालत जावा. भांडवल या अटी ऐकून पळून जाईल, अशी भीती घालणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एवढेच विचारावे की गाव सोडून येणाऱ्या मजुराला इतक्या अटी घालताना, तो पळून जाईल अशी भीती तुम्हांला कधी वाटली होती काय?