आता प्रयुक्त प्रश्न विचारील

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन माणसं असतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. प्रयोगकर्त्याच्या हातात घड्याळ, पेन्सिल, कागद. प्रयुक्तानं सांगितलं तिथं बसायचं, दाखवलं ते बघायचं, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. आपलं उत्तर कशासाठी मोजलं जातंय, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वहीत त्याचं धड नावसुद्धा येत नाही, आद्याक्षरं येतात.

दोस्तांनो, या देशाच्या ज्ञानाच्या वहीत आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रयुक्त आहोत. डोकं आपलं, मोजपट्टी त्यांची. निष्कर्ष त्यांचा, निष्कर्षाचा चटका आपल्याला. म्हणून आज कवितेवर नाही, मोर्चावर नाही, बी.ए.च्या पोरापोरींनी करायच्या संशोधनावर लिहायचं आहे. विषय कोरडा वाटेल. पण कोरड्या कागदावरच आपली किंमत ठरवली जाते.

समजा, नांदेडच्या देगाव चाळीतली एक पोरगी बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन शिकते. समजा कशाला, अशा पोरी आहेत. सकाळी कॉलेज, दुपारी कुठंतरी काम, रात्री वही. तिला प्रकल्प करायचा आहे. तिच्या डोक्यात एक प्रश्न वर्षानुवर्षं ठणकतोय. वर्गात सरांनी आडनावासकट हजेरी घेतली की पुढची पाच मिनिटं माझं डोकं का चालत नाही? मी हुशार आहे हे मला ठाऊक आहे. मग ती पाच मिनिटं कुणी खाल्ली?

हा प्रश्न शंभर नंबरी मानसशास्त्राचा आहे. पण तो मार्गदर्शकाकडे नेला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं. ‘जातीबितीच्या भानगडीत कशाला पडतीस? मोबाईलचं व्यसन घे. परीक्षेचा ताण घे. तयार चाचणी मिळते.’ तयार चाचणी म्हणजे आग्र्याहून छापून येणारी पुस्तिका. ती पन्नास जणांना वाटायची, टिकमार्क मोजायचे, ‘टी’ मूल्य काढायचं, ‘सार्थ फरक आढळला नाही’ असं लिहायचं, जिल्द बांधायची, कपाटात ठेवायची. घरी आई विचारते, ‘काय करलालीस गं एवढं रात्रीचं?’ पोरीला सांगता येत नाही, कारण जे ती करतेय त्यात ती स्वतः नाही, आई नाही, चाळ नाही.

आणि त्या कपाटात आपण कुठं सापडलोच तर कसे सापडतो? ‘मागासवर्गीय विद्यार्थ्यांतील न्यूनगंड’ अशा मथळ्याखाली. ‘सवर्ण विद्यार्थ्यांतील अहंगंड : एक अभ्यास’ असा प्रबंध आमच्या तरी हाती लागला नाही. गंड असतो तो फक्त खालच्याला. वरच्याला असतं ते व्यक्तिमत्त्व!

आता ते ‘टी’ मूल्य काढायला आपण कुणाकडून शिकतो ते बघा. आपल्याकडच्या ग्रंथालयांत मानसशास्त्राच्या आणि बी.एड.च्या फळीवर एक जाडजूड पुस्तक हमखास असतं. हेन्री गॅरेटचं संख्याशास्त्र. मध्य, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं या देशातल्या कित्येक पिढ्या गॅरेटवर शिकल्या. हा गॅरेट कोण होता हे मात्र कुणी शिकवलं नाही. तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राचा प्राध्यापक होता. १९४६ साली तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वात मोठ्या संघटनेचा अध्यक्ष होता. आणि काळ्या माणसाची बुद्धी जन्मजात कमी असते असं मानणारा, काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच राहाव्यात म्हणून कोर्टात उभा राहिलेला माणूस होता.

याच गॅरेटच्या हाताखाली एक काळी बाई शिकली. मेमी फिप्स क्लार्क. आर्‌कन्सॉ राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावची. तिथं काळ्यांच्या शाळा वेगळ्या. १९३८ साली तिनं हॉवर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. त्या उन्हाळ्यात एका काळ्या वकिलाच्या कचेरीत काम केलं. वेगळ्या शाळांविरुद्धच्या खटल्यांची जुळवाजुळव तिथं चालायची. ते तिनं डोळ्यांनी बघितलं आणि मग विषय निवडला : बालवाडीतल्या काळ्या लेकराला आपण काळे आहोत हे केव्हा आणि कसं कळतं? ‘तयार चाचणी घे’ असं ऐकून ती गप्प बसली नाही. पुढं नवरा केनेथ क्लार्क याच्याबरोबर तिनं तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. गोऱ्या आणि तपकिरी. खेळायला कुठली देतोस? चांगली कुठली? वाईट कुठली? तुझ्यासारखी कुठली? जवळजवळ दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली.

१९५२ साली व्हर्जिनियाच्या शाळांचा खटला चालला तेव्हा सरकारच्या बाजूनं गॅरेट साक्षीला आला. त्याची साक्ष खोडायला कोण उभं राहिलं? त्याचीच विद्यार्थिनी, मेमी क्लार्क. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. बाई जिंकली ती गॅरेटचं संख्याशास्त्र जाळून नव्हे, ते त्याच्यापेक्षा चांगलं वापरून. हत्यार कुणाच्या बापाचं नसतं. ज्याच्या हातात असतं त्याचं असतं.

कोलंबिया म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं ते सांगायला नको. मेमी क्लार्कच्या आधी जवळजवळ तीस वर्षं, ९ मे १९१६ ला, त्याच विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला. विषय : भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. तो निबंध आपण जयंतीला डोक्यावर घेतो, वाचतो किती? त्यात बाबासाहेब नुसतं जातीला शिव्या देत नाहीत. ते विचारतात, जात पसरली कशी? आणि गाब्रिएल तार्द या फ्रेंच पंडिताचे अनुकरणाचे नियम हाती घेऊन दाखवतात की वरच्यांनी स्वतःभोवती कुंपण घातलं आणि खालचे त्यांची नक्कल करत गेले. ज्यांनी नक्कल केली नाही त्यांनाही दार बंदच सापडलं. यातली एक उपपत्ती मानसशास्त्रीय आहे, दुसरी यांत्रिक, आणि दोन्ही एकमेकींना पुऱ्या करतात, असं ते स्वतः नोंदवतात. म्हणजे जातीच्या मानसशास्त्राचा पहिला धडा एका विद्यार्थ्यानं, भर वर्गात, प्रस्थापित पंडितांची मतं एकेक खोडत मांडलेला आहे. आपण ज्याला ‘सादरीकरण’ म्हणून घाबरतो ते हेच.

मग देगाव चाळीतल्या त्या पोरीचा प्रश्न? त्याचंही उत्तर शोधलं गेलंय, पण नांदेडात नाही, आपल्या माणसांकडून नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीतल्या ३२१ वरच्या जातीच्या आणि ३२१ खालच्या ठरवलेल्या जातींच्या पोरांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. काही गटांना एका भूलभुलैयाला एक रुपया बक्षीस. जात पुकारली नाही तेव्हा दोन्हीकडची पोरं सारखीच चालली. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव आणि जात पुकारली, तेव्हा आपल्या पोरांचे सुटलेले भूलभुलैये कमी झाले. हे २००६ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. डोकं तेच, पेन्सिल तीच. फक्त जात पुकारली. ती पाच मिनिटं कुणी खाल्ली ते कळलं?

निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. पण इथं थांबून एक गोष्ट नीट बोलू. उद्या आपली पोरगी हाच प्रयोग नांदेडच्या शाळेत करायला निघाली तर तिनं आपल्याच वस्तीतल्या लेकराची जात भर वर्गात पुकारायची का? पुरावा हवा म्हणून जखम पुन्हा उघडायची का? काही दोस्त म्हणतील, चळवळीसाठी एवढं चालतं. आम्ही म्हणतो, नाही चालत. लेकरू कच्चा माल नाही. ज्या व्यवस्थेनं त्याला प्रयुक्त केलं, तिच्याच रांगेत आपण घड्याळ घेऊन उभं राहायचं नाही.

शिवाय त्यात आणखी एक गोची आहे. भिंग कायम जखमी माणसावरच धरलं की जखम हाच त्याचा स्वभाव वाटायला लागतो. क्लार्कच्या बाहुल्यांचंही तेच झालं. ‘काळी मुलं स्वतःचा द्वेष करतात’ एवढंच लोकांनी उचललं. खुद्द त्या प्रयोगात उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांनी गोरी बाहुली दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा जास्त मागितली होती. ही अवघड गोष्ट मागं पडली. पुढं काळ्या मानसशास्त्रज्ञांनीच हा आत्मद्वेषाचा सरधोपट अर्थ तपासायला घेतला.

म्हणून भिंग फिरवा. ज्याला आडनाव विचारलं जातं त्याच्याकडून काढून, जो आडनाव विचारतो त्याच्यावर धरा. हे करता येतं. सुखदेव थोरात हे औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी, बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजातून पुढं आलेले. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण, लायकी सारखी. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. २००७ साली हे छापून आलं. २०१५ साली थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांबद्दल असाच अभ्यास मांडला. कुणाचीही जखम उकरली नाही. उकरली ती घरमालकाची आणि साहेबाची नियत.

आता लातूरकडे बघा. नीटच्या क्लाससाठी गावोगावची हजारो पोरं तिथं येतात. खोली शोधतात, मेस शोधतात. ‘गाव कोणतं?’ ‘आडनाव काय?’ ‘म्हणजे कोण?’ या तीन प्रश्नांतून पार पडल्याशिवाय कित्येकांना चावी मिळत नाही. लातूर पॅटर्नचे टक्के सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. त्या तीन प्रश्नांची नोंद कुणी ठेवली? ती ठेवायला आग्र्याची पुस्तिका लागत नाही. महिनाभराची साधी रोजनिशी लागते : कुणी विचारलं, कुठं विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, नंतर काय झालं. ती लिहिणाऱ्याची संमती लागते, नाव गुप्त ठेवण्याचा शब्द लागतो आणि तो पाळण्याची नियत लागते.

पुढचा अडथळा मांडणीचा. २००६ पासून राज्यात विद्यापीठांचा ‘आविष्कार’ संशोधन महोत्सव भरतो. पदवीच्या विद्यार्थ्यालाही तिथं पोस्टर लावता येतं. आपली किती पोरं लावतात? पोस्टरपुढं उभं राहिलं की ठरलेले प्रश्न येतात. ‘हे मानसशास्त्र का समाजशास्त्र?’ ‘तुम्ही स्वतःच त्या समाजाचे, मग तटस्थ कसे?’ पहिल्याला उत्तर : जात डोक्यात राहते, म्हणून हे मानसशास्त्र. १९३६ साली लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जात ही मनाची अवस्था आहे हे मांडलेलंच आहे. दुसऱ्याला उत्तर : सर, न्यूनगंडावर लिहिणारा वरच्या जातीचा संशोधक तटस्थ होता का, हे त्याला कुणी विचारलं होतं?

पण एवढ्यावर टाळ्या घेऊन खाली उतरायचं नाही. आपल्याला दुप्पट काटेकोर राहावं लागेल. तीस जणांना विचारून ‘सगळा मराठवाडा’ म्हणायचं नाही. मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून आकडा वाकवायचा नाही. गृहीतक खोटं निघालं तर तसंच छापायचं. घोषणा चौकात द्यावी, तक्त्यात घुसडू नये. आपला एक आकडा खोटा सापडला की आपल्या शंभर खऱ्या जखमा खोट्या ठरवायला ते टपलेले आहेत.

आणि आता नवं दार उभं राहिलंय. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष आणलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाला. त्या चौथ्या वर्षात संशोधन करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. जी पोरगी दुपारी दुकानात उभी राहते, जो पोरगा बिलोली-मुखेडहून रोज एस.टी.नं ये-जा करतो, ज्याची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर खात्यात पडते, त्याच्या डोक्यात प्रश्न नाहीत का? प्रश्न विचारण्याची लायकी टक्क्यांवर ठरणार असेल, तर ज्यांच्याकडे प्रश्न सर्वात जास्त तेच दाराबाहेर राहणार. हे दारही बंदच सापडलं, असं पुन्हा म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही.

या जिल्ह्याला विद्यापीठ या शब्दाची किंमत ठाऊक आहे. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत इथं पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे मारले गेले. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. तिकडं कमानीवर नाव लागलं, इकडं नवी कमान उभी राहिली. पण कमानीच्या आत मोजपट्टी कुणाच्या हातात, हा हिशेब बाकी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. चौथ्या वर्षाच्या संशोधनाची ७५ टक्क्यांची अट हटवा. प्रकल्पाला जातीचा विषय घेतला म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवणं बंद करा. मराठीतून केलेली मांडणी इंग्रजीइतकीच मोजा. तयार चाचण्यांत आपली भाषा, आपलं घर, आपलं काम कुठं आहे ते तपासा.

आणि आपल्यासाठी काम : नांदेडात आणि लातुरात पाच-पाच जणांचे गट करा. एक जण संख्याशास्त्र शिकून बाकीच्यांना शिकवील. गॅरेट वाचा, तो कोण होता हे लक्षात ठेवून वाचा. आडनावाची रोजनिशी सुरू करा. जे निघेल ते, आपल्या बाजूचं असो नसो, या पानांवर छापलं जाईल.

जय भीम!