‘झोपडी’ की ‘कच्चे घर’?

पूर ओसरला की वस्तीत आधी पुढारी येतात, मग बिस्किटांचे पुडे येतात आणि सर्वांत शेवटी येतो तलाठी. शासनाने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे, म्हणून आम्हीही तेच लिहितो. या तिघांत आपल्या संसाराचा हिशेब मांडणारा हा शेवटचा. त्याच्या कागदावर उतरेल तेवढेच आपले नुकसान, बाकीचे सरकार दरबारी रडगाणे ठरते. पावसाळ्यात कुठल्या नदीचे पाणी कुठल्या वस्तीत शिरेल हे सांगता येत नाही, म्हणून हा विषय आधीच घेतो.

कागदातल्या एका रकान्याने काय होते ते किल्लारीला दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली. जीव घेतला तो दगडमातीच्या रुंद भिंतींनी आणि धाब्यावरच्या मातीच्या थरांनी. हलक्या छपराखाली झोपलेली पुष्कळ गरीब माणसे वाचली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवताना घराचे माप ठरले ते जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असेल त्याला ४५०, मोठ्या जमीनदाराला ७५०. घरात खाणारी तोंडे किती, हा प्रश्न मापात आलाच नाही. गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांच्या नावावर जमीन कुठून असणार? भूकंपाने जात पाहिली नव्हती, सातबाऱ्याने मात्र बरोबर ओळखली.

आता आजचे पाहा. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत, मग ते घर पक्के असो वा कच्चे. आणि झोपडीला? ८ हजार. मातीची भिंत आणि वर पत्रा असलेले घर पूर्ण बसले, तर ‘कच्चे घर’ लिहिल्यास एक रक्कम आणि ‘झोपडी’ लिहिल्यास दुसरी. मधला फरक १ लाख १२ हजारांचा. आपली माणसे नम्रतेने म्हणतात, “या साहेब, आमची झोपडी बघा.” साहेब तोच शब्द उतरवून घेतात. माता-भगिनींना आमचे कळकळीचे सांगणे आहे की त्या दिवशी हा शब्द तोंडातून काढू नका. घर म्हणा. निकषात झोपडी म्हणजे गवत, माती, प्लॅस्टिक यांचा कच्च्या घराहूनही हलका, तात्पुरता निवारा. जोते बांधलेले, वर्षानुवर्षे घरपट्टी भरलेले घर त्यात बसत नाही. बांधकाम अधिकृत असावे अशीही अट आहे, म्हणून घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ चा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. गायरानावर घरे असलेल्यांची अडचण इथेच होते. त्यांनी नोंदीसाठी आजच धडपड करावी, पूर आल्यावर कोणी दाद देत नाही.

घर अर्धवट पडले असेल तर गोष्ट टक्क्यांवर जाते. २२ जुलै २०२१ ला चवदार तळ्याच्या महाडमध्ये सावित्रीचे पाणी शिरले, चिपळुणात वाशिष्ठीचे. त्या पुरानंतर राज्य सरकारने वाढीव दर दिले. किमान १५ टक्के पडझडीला १५ हजार, २५ टक्क्यांना २५ हजार, ५० टक्क्यांना ५० हजार. म्हणजे १४ टक्के लिहिले की हाती काही नाही. आणि हे टक्के ठरतात दारात उभे राहून, पाच मिनिटांत.

इथे आपल्या वस्तीकडे एक मोठी शक्ती आहे, तिचा आपल्याला विसर पडतो. शहरांतल्या इमारती बांधणारे गवंडी आपल्याच घरांत आहेत. तलाठी येण्याआधी त्यांनी ओळंबा घेऊन घरोघर फिरावे. भिंत ओळंब्याबाहेर किती गेली, तडा फक्त गिलाव्याला आहे की आरपार, कोपऱ्यात भिंती सुटल्या आहेत का, हे वहीत लिहावे. आरपार तडा दोन्ही बाजूंनी दिसतो, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढावेत. पाणी चढले तिथे कोळशाने रेघ मारावी, पाणी कधी आले आणि कधी उतरले तेही लिहावे. कपडे-भांड्यांच्या मदतीला केंद्राच्या निकषात घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असल्याची अट आहे. मातीची भिंत तर फसवी. पाण्यात उभी राहते आणि आठवड्याने, ऊन पडल्यावर बसते. पंचनाम्यानंतर भिंत पडली तर फेरपंचनाम्याचा अर्ज लगेच द्यावा.

भाड्याच्या घरात घराची मदत मालकाकडे जाते, पण भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण भाडेकरूचे आहे, त्याची नोंद भाडेकरूच्या नावाने व्हावी. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर दोन्ही रेशनकार्डे दाखवावीत.

आता धंद्याचे. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकलचे दुकान, बँडची वाद्ये, वडापावची गाडी यांवर आपली कितीतरी घरे चालतात. २०२१ मध्ये दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण ५० हजारांपर्यंत, आणि टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत मदत ठरली होती. दर प्रत्येक आपत्तीला बदलतात, त्या वेळचा शासन निर्णय मागून वाचावा. माल भिजला की बाया लगेच उकिरड्यावर टाकतात, कारण घाण सहन होत नाही. ते स्वाभाविक आहे, पण आधी मोजदाद आणि फोटो, मग सफाई. भिजलेली मोटर चालू करून पाहू नये, वायरमनने पाहिल्याशिवाय मीटरही जोडू नये. धंद्यासाठी बँकेचे कर्ज असेल तर बँकेत जाऊन मालाचा विमा आहे का, हे विचारावे. पुष्कळदा हप्ता आपल्याच खात्यातून कापला जात असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

शेवटी पंचांविषयी. पंच बहुधा गावातल्या मोठ्या आळीचे असतात आणि बौद्धवाडीत चिखल तुडवत यायला कोणाला सवड नसते. आपल्या वस्तीतले निदान दोन पंच घ्या, असा आग्रह धरावा, त्यात एक शिकलेली मुलगी असावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. भरलेला पंचनामा मोठ्याने वाचून घ्यावा, घराचा प्रकार आणि टक्के हे दोन रकाने पुन्हा वाचून घ्यावेत. लिहिलेले पटले नाही तर त्याच दिवशी तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी तक्रारीला तहसीलात जागा नाही.

विम्याचा दावा कसा भरावा, ते पुढील अंकात.