यंदा घाटात कुणाचा गाडा?

तर मंडळी, दिवाळी सरली, उन्हाळी कांद्याच्या लागणी सुरू झाल्या आणि आमच्या आळ्यात विषय एकच. फाट्यावर चहाला थांबा, सोसायटीच्या ओट्यावर बसा, नाहीतर कुणाच्या दहाव्याला जा, प्रश्न तोच. यंदा घाटात कुणाचा गाडा?

आधी ज्यांचं गाव आमच्याकडचं नाही त्यांच्यासाठी थोडं. घाट म्हणजे इथे माळशेज नव्हे. (तो आमच्यापासून फार लांब नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.) घाट म्हणजे गाडे पळवायची चढाची धाव. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या पट्ट्यात बहुतेक मोठ्या यात्रेच्या गावाला स्वतःचा घाट असतो. गाडा हलका, त्याला बैल चार. मागची जोडी धुरेला, पुढची जुकाटाला. गाड्यावर माणूस बसत नाही. सातारा-सांगलीकडे हाकणारा गाडीवर असतो, आमच्याकडे बैल सुटले की सुटले, पुढे फक्त घोडीवाला. खालून सुटायचं, वर निशाणाला पोचायचं आणि घड्याळातले सेकंद मोजायचे. या एका धावेला म्हणतात बारी. बारी संपते एवढ्यात की शिंकलात तर हुकली. कर्ण्यावरून "भिर्रर्र" ऐकू येतं तेव्हा गाडा निम्म्यावर गेलेला असतो.

आता मुद्द्याचं. हंगामाचा नारळ आमच्याकडे फुटतो तो पौष पौर्णिमेला, नागापूरच्या थापलिंगाला. तिथून पुढे माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, रोज कुठे ना कुठे यात्रा. आमची रेडा समाधीची यात्रा चैत्रात. म्हणजे आता जे काही बोलायचं ते अंदाजानेच, आणि माझा अंदाज गावातल्या बऱ्याच जणांना पटत नाही हेही सांगून टाकतो.

गावाचं मत असं की यंदा एकहाती गाड्यांपुढे कुणी टिकत नाही. एकहाती म्हणजे चारही बैल एकाच मालकाचे. चाकण-खेडकडे जमिनींना भाव आला, त्यातून आलेल्या पैशावर उभे राहिलेले हे गाडे. दावणीला आठ-आठ, दहा-दहा बैल. प्रत्येकाला माणूस वेगळा, खारीक, दूध, उडदाचं पीठ, पळवायला स्वतःची धाव, न्यायला-आणायला स्वतःचा टेंपो. एक बैल लंगडला तर दुसरा तयार. मागच्या दोन हंगामांत पहिल्या नंबरात यांचीच नावं जास्त ऐकली, हे मीही नाकारत नाही.

पण माझं म्हणणं असं की यांचा कच्चा दुवा यंदा दिसणार. हे गाडे दर वर्षी मोडून नव्याने बांधले जातात. ज्याने गेल्या हंगामात नाव काढलं तो बैल मोठ्या पैशाला उचलायचा आणि आपल्या जुकाटाला लावायचा. बैल चांगलाच असतो, शंका नाही. पण चार चांगले बैल म्हणजे चांगला गाडा नव्हे, ही गोष्ट घाटावर दहा वर्षं घालवलेला कुणीही सांगेल. जुकाटाची जोडी निघते वाऱ्यासारखी आणि धुरेच्या जोडीला तिची ओढ कळत नाही, मग गाडा निम्म्यावर तिरका होतो. धुरेचा बैल ताकदीचा लागतो, शेवटच्या चढाला गाडा तोच उचलतो. जुकाटाचा लागतो सरळ पळणारा आणि घोडीवर नजर ठेवणारा. ते एकमेकांच्या चालीला लागायला एक हंगाम तर जातोच. मार्गशीर्षात आणलेला बैल पौषात पळवला की सेकंद मिळतो एखाद्या घाटाला, सगळ्या घाटांना नाही.

याउलट जुळवलेले गाडे. एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. कर्ण्यावर चार-चार नावं पुकारतात आणि जुगलबंदी म्हणतात. छोट्या शेतकऱ्याला चार बैल पाळणं परवडत नाही म्हणून ही पद्धत पडली. यातले जे गाडे दोन-तीन वर्षं तेच चार बैल, तीच जागा, तोच घोडीवाला धरून आहेत, त्यांच्यावर माझा यंदा डाव आहे. कमीत कमी पहिली पाच-सहा यात्रा. पुढे ऊन वाढलं की बदली बैल नसल्याचा फटका त्यांना बसतो, तेव्हा चैत्र-वैशाखात पारडं परत एकहातीकडे झुकेल. आणखी काही जुनी घराणी आहेत, आजा-पणजापासून गाडा असलेली. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण बैल आता उताराला लागलेत. मानाची बारी मारतील, नंबरात पाहू नका.

आता इतक्या तावातावाने मी जुळवलेल्या गाड्यांची बाजू का घेतोय हे नातेवाईकांना कळलंच असेल. आमचा राजा अशाच एका गाड्याच्या जुकाटाला आहे.

राजा तात्यांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा. त्याची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागतं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि शर्यती बंद झाल्या. मधे २०१६ मध्ये केंद्राने परवानगी दिली, तिला चारच-पाच दिवसांत स्थगिती. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तो हायकोर्टात अडकला. ही सात वर्षं आमच्या गोठ्याने पाहिली आहेत. शर्यतीचा बैल नांगराला चालत नाही, चालला तरी ट्रॅक्टरपुढे त्याला काम नाही. तात्यांनी पहिल्या दोन वर्षांत एक बैल बेल्ह्याच्या बाजारात विकला, दुसरा म्हातारा होऊन दावणीलाच गेला. दावण रिकामी झाली तरी तात्या सकाळी उठून शेण काढायला निघायचे आणि परत यायचे, असं काकू सांगते. १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परवानगी दिली त्या रात्री गावात फटाके वाजले. पुढच्याच महिन्यात तात्या आणि शेजारचे दोघं सांगली जिल्ह्यात खरसुंडीकडे गेले आणि एक आदत खिल्लार खोंड घेऊन आले. एकही दात लागला नव्हता. तोच राजा.

त्याच वर्षी पावसाळ्यात लम्पी आला. बाजार बंद, शर्यती बंद. तात्यांनी रोज संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा धूर केला, लस टोचून घेतली आणि दोन महिने पाहुण्यांनाही गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. राजा वाचला. दोन दाती झाला तेव्हा पहिल्यांदा धुरेला लावला, चालला नाही. चार दाती झाला तेव्हा जुकाटाला लावला आणि पळाला. मग जोडीला एक संतवाडीचा बैल मिळाला, धुरेला एक राजुरीचा आणि एक पिंपळवंडीचा. गेली दोन वर्षं हेच चौघं. यंदा राजा जुळलाय, म्हणजे तोंडात दात पूर्ण. बैलाची हीच दोन-तीन वर्षं खरी.

आणि नेमकं आता त्याला मागणी आली आहे. एका एकहाती गाड्याकडून. आकडा लिहीत नाही, नातेवाईक वाचतात :) एवढंच सांगतो की त्यात नवा ट्रॅक्टर येऊन वर विहिरीची मोटर बसेल. तात्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, गेल्या वर्षी कांद्याने हात दिला नाही, आणि धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. मी पुण्यात बसून फोनवर "तात्या, विकू नका" म्हणालो. ते म्हणाले, "अरे, तू म्हणतोस ते खरंय, पण पेंडीचं पोतं तू पाठवतोस का?" त्यावर मला बोलता आलं नाही. मी वर्षातून चार घाट पाहणारा माणूस. पहाटे उठून वैरण टाकणारे ते. आणि हल्ली पहाटे उठणंही साधं राहिलेलं नाही, उसात बिबट्या. गोठ्याला चहूबाजूंनी जाळी मारली, तेही पैसे गेलेच.

राजा गेला तर फक्त तात्यांचा बैल जातो असं नाही. संतवाडी, राजुरी, पिंपळवंडी, तिन्ही घरांचा गाडा मोडतो. इतर तिघांनी तात्यांना एका शब्दाने अडवलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात राजुरीवाले येऊन नुसतेच बसून गेले, चहा घेतला, राजाच्या वशिंडावरून हात फिरवला आणि गेले. काकू म्हणाली, भांडले असते तर बरं झालं असतं.

इथे मला आमच्या यात्रा कमिट्यांना एक सांगायचं आहे. आमच्या घाटांची जुनी रीत नंबराची आहे. समजा पहिला नंबर १२ सेकंदांचा ठरला, तर त्या वेळेत जितके गाडे येतील ते सगळे पहिल्या नंबराचे, आणि बक्षीस त्यांच्यात वाटून. दहा आले तर दहांत, वीस आले तर वीसांत. वाट्याला फार येत नाही, पण गाडा पहिल्या नंबरात आला हे गावाला सांगता येतं आणि पुढच्या यात्रेला जायची उमेद राहते. परवानगी आल्यापासून मात्र सगळ्यांचं लक्ष फायनलवर आणि 'घाटाचा राजा' कोण यावर. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडला चिखलीत शर्यती झाल्या, तिथे पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. शहराची गोष्ट वेगळी म्हणून सोडून दिली. पण आता इकडच्या गावांनाही वाटू लागलंय की गाडी-ट्रॅक्टर ठेवल्याशिवाय यात्रा मोठी होत नाही. एकालाच ट्रॅक्टर मिळणार असेल तर त्यासाठी बैल विकत घेणारा माणूस येणारच, आणि विकणारा आमच्यातलाच असणार. बक्षीस मोठं करायचं तर नंबराचं करा. फायनलला ढाल द्या, फेटा बांधा, फोटो काढा.

हे मी मागच्या चैत्रात गावात बोललो तर एकजण म्हणाला, "मग लोक येतील का बघायला?" थापलिंगाच्या डोंगरावर लोक ट्रॅक्टर बघायला येत नाहीत, एवढंच मी त्याला म्हणालो. त्याला पटलं नाही.

शहरातली काही मित्रमंडळी हे वाचून म्हणतील की मुळात जनावरं पळवायचीच कशाला. त्यांचा राग मला समजतो. लहानपणी मी घाटात पराणी टोचताना पाहिली आहे, शेपटी चावताना पाहिली आहे, आणि तेव्हा टाळ्याही वाजवल्या आहेत. बंदी उगाच आली नव्हती. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला तो नियम पाळण्याच्या भरवशावर. त्या कायद्यात छळाला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या गाड्याला काठी लागत नाही, कारण ज्या बैलाला मारून पळवावं लागतं तो दुसऱ्या हंगामात घाट बघूनच बसतो. पण सगळ्यांच्या वतीने मी हमी देऊ शकत नाही. आणि ज्या गावाने ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी इतकी शतकं पूजली, त्या गावाने तरी घाटाच्या खालच्या टोकाला, जिथे बैल जुंपतात, तिथे चार कडक माणसं उभी करायला हरकत नसावी. वर निशाणापाशी सगळेच उभे राहतात.

असो. अंदाज मागितला होता, तर पुन्हा सांगून टाकतो. माघापर्यंत जुळवलेले गाडे वरचढ. चैत्रात एकहाती. आळ्याच्या घाटात पहिल्या नंबरात गर्दी होईल. आमचा गाडा थापलिंगाला नंबरात येईल असं मला वाटतं, जर तो तेव्हा आमचा असेल तर.

काल रात्री तात्यांचा फोन आला. घेणाऱ्याला त्यांनी पौष पौर्णिमेपर्यंत थांबायला सांगितलंय, टोकनला चौघांची नावं दिली आहेत. "एक बारी तर पाहून घेऊ," म्हणाले. मी आदल्या रात्री फाट्याला उतरतोय. कुणाला यायचं असेल तर कळवा, पहाटे टेंपोत जागा आहे, फक्त बैलाशेजारी उभं राहायची तयारी ठेवा.