पेजेचं वकीलपत्र

मराठी मध्यमवर्गात पेज पिण्याला फक्त दोन प्रसंगी परवानगी आहे. एक तर टायफॉइड झालेला असावा, नाहीतर लग्नाचं जेवून आल्यावर पोटाने असहकार पुकारलेला असावा. एरवी धडधाकट माणूस सकाळी आपखुशीने वाटीभर पेज पितो म्हटलं, की शेजारी त्याला विचारतात, "बरं नाही का?" आणि मग आपापसांत विचारतात, "नोकरीबिकरी गेली की काय?"

तोच माणूस 'ओट्स पॉरिज' खातो म्हणाला, की त्याला बढती मिळाली असणार असं सगळे धरून चालतात!

आता ओट्स म्हणजे कोण? तर जई. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या इंग्रजी कोशकाराने १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशात या धान्याचा अर्थ देताना, इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं यावर जगतात, अशा अर्थाची नोंद करून ठेवली आहे. स्कॉटिश माणसाने ही नोंदही पचवली आणि जईही. आपल्या खळीला तो लाजला नाही, हा त्याचा मोठेपणा. आपल्याला मात्र घोड्याच्या तोबऱ्यातली जई चालते आणि आजीच्या मडक्यातली आंबील चारचौघांत काढायची म्हटलं की घाम फुटतो.

कीर्तनात आपण बरे वागतो. श्रीकृष्णाने दुर्योधनाची पक्वान्नं सोडून विदुराघरच्या कण्या खाल्ल्या, हे ऐकून डोळ्यांना पदर लावतो, उपरणं लावतो. पण घरी आल्यावर कण्या शिजवल्याचं ऐकिवात नाही.

सरकारने आपल्या परीने प्रयत्न केले, हे कबूल करायला हवं. २०१८ साली ज्वारी, बाजरी, नाचणी यांना 'पोषक धान्यं' म्हणायचं ठरलं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ही मंडळी 'श्रीअन्न' झाली. पण आपल्याकडे नाव मोठं झालं की पहिल्यांदा भाव मोठा होतो. आमच्या कोपऱ्यावर वातानुकूलित दुकान आहे. तिथे नाचणी 'मिलेट पॉरिज' या टोपणनावाने राहते. दोनशे ग्रॅमचं पाकीट, किंमत १८० रुपये. समोरच्या वाण्याकडे हीच नाचणी गोणीत, स्वतःच्या नावाने, ६० रुपये किलो. एका वाटीला तीस ग्रॅम धान्य धरा. वाण्याची वाटी पडते १ रुपया ८० पैशांना आणि पाकिटातली २७ रुपयांना. वरच्या पंचवीस रुपयांचं काय मिळतं म्हणून मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. एक हसणारं कुटुंब मिळतं. चौघांचे मिळून अदमासे एकशे वीस दात.

यावर आमच्या सूनबाईंचं म्हणणं असं, की "बाबा, वेळ कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे, दोघं नोकरी करतात. म्हणून घड्याळ लावूनच सांगतो. रात्री दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं. मिनिट एक. सकाळी दोन वाट्या पाण्यात मीठ, जिरं, ठेचलेली लसूण टाकून उकळी आणायची, कालवण त्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत आंबिलीला चकाकी येते. पाकिटावर 'फक्त गरम पाणी घाला' असं लिहिलेलं असतं. पण ते पाणी गरम कोण करतो, याचा खुलासा नसतो.

उकड्या तांदळाच्या पेजेला तर एवढंही लक्ष लागत नाही. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, आणि आपण आंघोळीला. तळकोकणात आणि गोव्यात सकाळी दहा-अकराला ही पेज घ्यायची चाल आहे. सोबत खारातली कैरी किंवा कालचं आटवलेलं कालवण. पंचतारांकित हॉटेलवाल्यांना अजून हे कळलेलं नाही. कृपया कोणी कळवू नये.

सत्त्वाची गोष्ट वेगळी, त्याला खटाटोप आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची, चाळायची. पण या खटाटोपात शहाणपण दडलेलं आहे. मोड येताना धान्यातला पिष्टाचा काही भाग फुटतो, त्यामुळे सत्त्वाची खीर शिजून पातळ राहते आणि बाळाच्या वीतभर पोटात जास्त धान्य मावतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात जेमतेम दहा. आणि मोड आणल्याने, आंबवल्याने ते अंगी लागायला मदत होते. आमच्या आजीला मिलिग्रॅम ठाऊक नव्हते. तिला फडकं ठाऊक होतं. बाळांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिराती आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंद केल्या. पलीकडच्या टोकाला असलेल्या आम्हा बिनदाताच्यांना मात्र असं काही संरक्षण नाही.

आता हसणं बाजूला ठेवतो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी परवा म्हणाल्या, "काका, आंबील करते हो मी, पण नातवंडं शिवत नाहीत. गरिबाचं खाणं म्हणतात. बिस्किटाचा पुडा मागतात रोज." हे त्यांना कुणी शिकवलं? आपणच शिकवलं. आजारपणाखेरीज पेजेला घरात न घेऊन शिकवलं. आता तीच पेज पाकिटात घालून आपण परत आणली आहे. ज्यांच्या ताटातून ती गेली त्यांच्याकडे मात्र पाच रुपयांचा पुडा पोचला आहे, मैद्याचा आणि साखरेचा. माझं भांडण त्या सत्तावीस रुपयांशी नाही हो. ते परवडणाऱ्यांनी खुशाल द्यावेत. मावशींच्या नातवाला दोन रुपयांची वाटी लाजिरवाणी वाटते, याच्याशी आहे.

म्हणून हल्ली आमच्या घरी कोणीही आलं, अगदी साहेब आले तरी, चहाआधी आंबील पुढे येते. स्टीलच्या वाटीत, लसणीच्या वासासकट. मावशींनाही टेबलावरच मिळते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या आंबिलीत गुठळ्या काढून दाखवल्या. खरं आहे, होतात कधीकधी. पाकिटातल्या लापशीतही होतात. तिथे त्यांना 'क्रंच' म्हणतात.