रमी बंद झाली, नाद सुटला का?

मंडळी, जरा स्पष्टच बोलतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, सगळ्यावर बंदी. खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. चांगलंच झालं.

पण जुगारबंदीचा आपल्याकडचा कायदा 1887 सालचा आहे. मटका थांबला का? ॲप गेलं तरी नाद राहतो आणि चोरून खेळायची वाट सापडतेच.

वाळूजला पगार झाला अन् दोन दिवसांत पोराचं खातं रिकामं, की आपण काय करतो? आधी शिव्या. मग आईचे दागिने मोडून कर्ज फेडायचं, शपथ घ्यायची, फोन परत हातात द्यायचा. तो हरलेले पैसे काढायला पुन्हा लावतो!

हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे. दारू सुटावी म्हणून दवाखान्यात नेतो ना? मग इथे लाज कसली?

पैशांचा व्यवहार काही महिने घरातल्या दुसऱ्याकडे द्या. घाटीत मानसोपचार विभागात दाखवा. जायला संकोच वाटत असेल तर 14416 वर, 'टेली मानस'ला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका.

आणि कंपनीवाल्यांनो, गेटवर 14416 चा बोर्ड तरी लावा. त्याला कितीसा खर्च येतो?